पाटावर कोण बसलं

नगर
१२ सप्टेंबर १९९६

दादा,

जय भीम. घ्यायचा तर घे, नाही तर दाराशी राहू दे.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठलास. आई म्हणाली, असं उठू नये रे. तर तू म्हणालास, "हिला विचार, हिच्या रजिस्टरात हे ताट कुनाच्या नावावर हाय ते." आणि चपला अडकवून गेलास. मी हसले. तुला ते लागलं असेल, पण तू बोललासच तसं. चिडलास की तू झकास बोलतोस. एरवी रंगनाथ अण्णांसमोर तुझ्या तोंडून 'व्हय' सोडून काही निघत नाही.

आता राग बाजूला ठेव आणि वाच. त्या दिवशी तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस.

जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींमधल्या कंपन्यांचं एक रजिस्टर आमच्या कचेरीत तयार होतंय. नव्या साहेबांनी ते काढलं आणि राहात्याकडचा भाग माझ्याकडे दिला. त्यात दोन रकाने महत्त्वाचे. कागदावर मालक कोण, हा पहिला. खरा मालक कोण, हा दुसरा. पहिला टेबलावर बसून भरता येतो. दुसऱ्यासाठी एसटीनं हिंडावं लागतं, आणि लोक चहा पाजतात पण नाव सांगत नाहीत.

हे कशासाठी चाललंय ते तुला सांगायला नको. प्लॉट आपल्या माणसांसाठी राखलेले, अनुदान आपल्या माणसांसाठी, कमी व्याजाचं कर्जही आपल्याच माणसांसाठी. मग ही सगळी मालक झालेली आपली माणसं आहेत कुठं? देवळाली प्रवऱ्याला एका कंपनीची चेअरमन मला उसाच्या खुरपणीत सापडली. बनुबाई नाव. मी विचारलं, "बाई, तुमची कंपनी काय बनवते?" ती म्हणाली, "कंची कंपनी? म्या तर रेशनकार्डासाठी अंगठा दिल्ता." वर मलाच विचारते, कंपनीत एखादं झाडायचं काम निघंल का.

आणि मग राहात्याची यादी उघडली. चिंचमळा फाट्याची वसाहत. सम्यक पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेड, पुठ्ठ्याची खोकी बनवणारे. मॅनेजिंग डायरेक्टर, महेंद्र भाऊसाहेब त्रिभुवन. दुसऱ्या डायरेक्टर, माधुरी महेंद्र त्रिभुवन. सम्यक! अण्णांनी नावसुद्धा आपल्या धम्मातलंच उचललं, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको.

तू आयटीआय करून आलास तेव्हा अण्णांनी तुला ट्रॅक्टरच्या कामाला ठेवलं, हे खरं. कारखाना काढला तेव्हा तुला तिकडे नेलं, हेही खरं. मशीन तू बसवलंस, तूच चालवतोस. पण मालक म्हणून तू काय करतोस, तर अण्णा कागदावर बोट ठेवतात आणि तू बोटाशेजारी सही करतोस. आईच सांगत होती, कौतुकानं. म्हणाली, "सायेबावानी सही करतो, लांबलचक."

तू म्हणालास, एक ओळ गाळ, कुणाला कळतंय. मला कळतंय, दादा. बनुबाईची ओळ लिहायची आणि माझ्या भावाची गाळायची, हे माझ्याच्यानं होणार नाही. साहेबांना मी लेखी देऊन टाकलंय की हा माझा सख्खा भाऊ आहे, ही नोंद तुम्ही तपासा. त्यांनी ती स्वतःकडे घेतली. माहिती मात्र मीच गोळा करणार.

तूच होऊन खरं सांगितलंस तर सगळ्यांत बरं.

प्रज्ञा


नगर
२४ ऑक्टोबर १९९६

दादा,

जय भीम.

खंडेनवमीला मी तुझ्या कारखान्यात आले ते मुद्दाम आले. त्या दिवशी मी अख्ख्या वसाहतीत फिरले, नुसत्या तुझ्याच कारखान्यात नाही. रजा नव्हती, रविवारच होता. 'सरकारी माणूस सुट्टीच्या दिवशी पण जगू देत न्हाई' असं अण्णा म्हणाले म्हणे मागून. म्हणू देत.

दीड महिना हिंडून माझ्या हाती काय लागलं होतं? पाठ केलेली उत्तरं. कागद सगळ्यांचे चोख. ज्याला 'कंपनीची उलाढाल काय' विचारावं तो शाळेत कविता म्हटल्यासारखा आकडा म्हणून दाखवतो आणि मागं उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो. मग मला सुचलं की ही माणसं कागद लपवतात, हिशेब लपवतात, चेकबुक लपवतात, पण खंडेनवमीचा पाट काही दुसऱ्याला देणार नाहीत. यंत्र धुवायचं, झेंडूची माळ घालायची, पाट मांडायचा आणि मालकानं जोडीनं पूजेला बसायचं. नोकराला पूजेला बसवलं तर यंत्राची बरकत नोकराच्या घरी जाईल, ही धास्ती. आणि दडवादडवी कशाची? गेट सताड उघडं, येईल त्याला पेढा.

मी पेढे खात हिंडले. एका ठिकाणी कागदावरचा मालक नारळाच्या शेंड्या गोळा करत होता आणि पाटावर एक डॉक्टर. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाई बाहेर चुलीवर भात शिजवत होत्या, आत पाटावर कुणाचा तरी मेहुणा. कुणी लाजलं नाही. पाटाचा पुरावा होतो हे त्यांच्या डोक्यातच नाही. सोवळं नेसून, उपरणं घेऊन, फोटोग्राफर बोलावून बसले होते सगळे.

आणि मग सम्यक. पाटावर अण्णा आणि गोजरबाई काकू. तू बाजूला, आरतीचं ताट धरून.

मला ताटाचा राग नाही. दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमी, आई पांढरं लुगडं धुऊन वाळत घालून बसलेली, आणि आदल्या दिवशी तू ताट धरून उभा, याचंही मी समजू शकते. पोटासाठी माणूस काय काय धरतो. राग याचा आला की ज्या मशीनचा एकेक बोल्ट तू आवळलास त्याच्यापुढे तू पाहुण्यासारखाही नव्हतास. पाहुण्याला खुर्ची मिळते.

मी सगळ्यांदेखत विचारलं. "अण्णा, पाटावर तुम्ही कसे? कंपनी तर आमच्या दादाची." अण्णा जरा हसले. "अगं, तुमच्यात पूजा करीत न्हाईत ना, म्हून त्याच्या वतीनं आमी बसलो. पोरीला पेढा द्या रे." सगळे हसले. उत्तर बिनतोड होतं, मानलं मी. पण काकू भोळ्या. त्या म्हणाल्या, "मशीन आलं तवापासनं ह्यो पाट आमचाच हाय की. ह्यांच्याबिगर कोन बसंल?"

ते मी तिथंच उभ्या उभ्या वहीत उतरवलं. तू बघितलंस. ताट खाली ठेवून तू माझ्याजवळ आलास आणि हळू आवाजात म्हणालास, "आजपासनं मला भन न्हाई." दादा, मी वही बंद केली नाही. तुझं वाक्य संपेपर्यंत पेन थांबवलं, एवढंच. एसटीत रडले. एक म्हातारी शेजारी होती, ती म्हणाली, माहेराहून निघालीस का. मी म्हटलं, हो.

मी तुझा भाऊ नाही, असं म्हणणं तुझ्या हातात असेल, पण मी बहीण आहे की नाही ते तू ठरवायचं नाहीस.

प्रज्ञा


नगर
१९ जानेवारी १९९७

दादा,

आणि वहिनी, कारण हे पत्र तुम्हीच फोडताय हे मला ठाऊक आहे. त्याला जेवायला वाढलं की मोठ्यानं वाचा. यावेळी ताटावरून उठला तर दाराला कडी घाला.

तुमचा निरोप पोचला. अण्णा घरी येऊन म्हणाले ना, "बहिनीला सांग, तिनं माझं नाव लिवलं तर आत मी न्हाई, महेंद्रच जाईल. प्रतिज्ञापत्रावर सही त्याची हाय." तर दादा, अण्णा खोटं बोलत नाहीत. 'मीच मालक आहे आणि मीच कारखाना चालवतो' असं तू शपथेवर लिहून दिलंयस. खोटं प्रतिज्ञापत्र ठरलं तर पहिला तू. प्लॉट जाईल, कर्ज तुझ्या नावावर राहील, अण्णा दुसरा महेंद्र शोधतील.

आई म्हणते, "तुझ्या त्या कागदापायी माझं लेकरू जेलात घालतीस व्हय गं?" मला झोप लागते असं समजू नकोस. नोकरी लागल्यावर आईला मी शब्द दिला होता की आपल्या घरात पुन्हा कुणी कुणापुढे खाली मान घालणार नाही. आणि तुझी मान माझ्याच हातानं खाली जायची वेळ आलीय. मी घाबरले आहे, दादा. पण घाबरून ओळ गाळणार नाही.

म्हणून मी कायदा वाचत बसले. अठ्ठ्याऐंशी सालचा बेनामी कायदा. लहानसाच आहे, चहा होईपर्यंत वाचून होतो. त्यात असं आहे, की वस्तू ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून ती 'खरा मालक मी' असं सांगून कोर्टातून परत मागता येत नाही. पुन्हा वाच. अण्णा कुठल्याही कोर्टात जाऊन म्हणू शकत नाहीत, की हा कारखाना माझा, महेंद्र नुसता नावाला. म्हणाले तर तेच अडकतात.

तू म्हणशील, अण्णांकडे शेअरच्या कोऱ्या फॉर्मांवर माझ्या सह्या आहेत. असू देत. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर कंपनीच्या बोर्डानं मंजूर करावं लागतं. तुमचं बोर्ड म्हणजे कोण? तू आणि वहिनी. घ्या वहिनी, बोर्डाची मीटिंग तुमच्या ओट्यावर.

साहेबांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "आम्हाला त्रिभुवनांना तुरुंगात घालायची हौस नाही. ज्याच्या नावावर आहे तो खरोखर मालक झाला, तर या रजिस्टरचं काम झालं."

म्हणजे तुझ्या कंपनीच्या ओळीत दोनच गोष्टी लिहिता येतील. एक तर खरा मालक रंगनाथ अण्णा, आणि मग जे व्हायचं ते. नाही तर खरा मालक तू. पण तसं लिहायला तू आधी व्हायला हवास. मला खोटं लिहायला सांगू नकोस. माझं लिहिणं खरं करून दाखव.

जय भीम.

प्रज्ञा


नगर
६ एप्रिल १९९७

दादा,

काल अण्णा माझ्या खोलीवर आले होते. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत आले, म्हणजे किती गरज असेल बघ. हातात राहात्याच्या द्राक्षांचं खोकं.

मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. वडीलधारा माणूस, आपल्या बापाच्या मयतीला आलेला. ते विसरलेले नाही मी. बराच वेळ पाण्यापावसाचं बोलले. मग म्हणाले, "प्रज्ञा, तुझ्या भावाला मी पोरावानी वाढवला. लोक काय म्हनत व्हते म्हाईत हाय का? म्हाराच्या पोराला मालक करतो म्हनून हसत व्हते मला." मी म्हटलं, "अण्णा, मग करून टाका की खरंच. हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील." त्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"लई शिकलीस," म्हणाले.

"तुमच्याच तालुक्यात शिकले."

"बदली कुठं पाहिजे तुला? नाशिक? पुनं?"

"इथंच बरं आहे, अण्णा. नगरचं ऊन मानवतं मला."

उठले. द्राक्षांकडे बोट दाखवून म्हणाले, पोरीबाळी खातील. मी त्यांच्यादेखत सगळे घड काढून त्यांच्याच उपरण्यात बांधून दिले. खोकं मात्र ठेवून घेतलं. म्हटलं, "हे माझ्या भावानं केलंय, हे राहू द्या." त्या खोक्यावर तुझ्या कंपनीचं नाव आहे, खाली बारीक अक्षरात. त्यात मी आता पुस्तकं ठेवलीत. झकास खोकं आहे, वजन घेतं.

तुझ्याकडून एका अक्षराची खबर नाही. तू गप्प बसून मला दमवशील असं वाटत असेल तर विसर. लहानपणी विहिरीवर कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतं बघायचो आपण. कोण आधी वर यायचं? तू.

प्रज्ञा


किनवट
२७ जुलै १९९७

दादा,

जय भीम. पत्ता बघितलास ना. नाशिक नाही, पुणं नाही. नांदेड जिल्ह्याचं टोक, पलीकडे आंध्र. अण्णांचे हात लांब आहेत, एवढं मान्य.

ऑर्डर आली तेव्हा कचेरीत सगळे माझं कुणी गेल्यासारखं माझ्याकडे बघत होते. मी पेढे वाटले. उरलेले घेऊन गाडीत बसले. इथं खोली मिळाली आहे, पाणी एक दिवसाआड येतं, शेजारच्या मावशी तेलुगूमिश्रित मराठीत मला रोज विचारतात की तुझं काय चुकलं म्हणून तुला इथं पाठवलं. मी सांगते, चुकलं नाही म्हणून पाठवलं. त्यांना ते पटलेलं नाही.

रजिस्टर माझ्या हातून गेलं, पण बंद झालं नाही. साहेब तिथंच आहेत. त्यांनी सुनावणी कचेरीत न घेता जागेवर घ्यायचं ठरवलंय, यंदाच्या खंडेनवमीला, ज्या कंपन्यांबद्दल शंका आहे त्यांच्या शेडमध्ये. तुझ्याकडे ते स्वतः येतील. पाटाची युक्ती आवडली त्यांना. या वेळी मी नसेन. बरंच झालं. मी समोर असते तर तू जे काही केलं असतंस ते माझ्या भीतीनं केलं असं लोक म्हणाले असते. माझ्या नाही तर मग अण्णांच्या.

वहिनींनी लिहिलंय की तू रात्रंदिवस एकच घोकतोस, 'पैसा अण्णांनी घातला, मी कसा मालक?' तर ऐक. बँकेच्या कर्जाला तारण काय? तुझी सही. अनुदान कुणाच्या दाखल्यावर आलं? तुझ्या. दाखला कशाचा होता? आपल्या आज्यापंज्यांनी गावाबाहेर राहून जे काढलं त्याचा. तो दाखला तुला मिळाला तो फुकट नाही मिळाला. अण्णांनी स्वतःचं जे घातलंय ते त्यांना परत कर, बिनव्याजी नको, व्याजासकट कर. पण तुझ्या चेकनं, तुझ्या मनानं, आणि पावती घेऊन. मिंधेपणा फेडता येतो, दादा. तो आयुष्यभर वागवायचाच असतो असं कुणी सांगितलं तुला?

आणि जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांग साहेबांना. म्हण, मी नावाला होतो. मी तुझ्यासाठी वकील उभा करीन, माझा पगार लावीन, जेलच्या दारात डबा घेऊन उभी राहीन. पण ताट धरून उभा राहू नकोस पुन्हा. तेवढं एक मला बघवत नाही.

मला तुझी फार आठवण येते. इथं बाजारात एक जण सायकलवर बसून तुझ्यासारखी शीळ घालतो. मी मागं वळून बघते आणि मग स्वतःचाच राग येतो. उत्तर नको देऊ. मी लिहीतच राहीन.

प्रज्ञा


राहाता
१३ ऑक्टोबर १९९७

प्रज्ञे,

जय भीम.

मला तुझ्यासारखं लिवता येत न्हाई. माधुरी म्हनते मी सांगते तुमी लिवा, पन मीच लिवतो. चुकलं तर हासू नको, तुला हासायची खोडच हाय.

आदी मागचं सांगतो. श्रावनात अण्णा कागद घेऊन आले. न्हेमीसारखं टेबलावर ठेवलं, बोट ठेवलं, म्हनले कर. मी पेन काडला. तेवढ्यात मला तुझं ते खोकं आठवलं. द्राक्षं परत दिली आन खोकं ठेवलं ते. का आठवलं म्हाईत न्हाई. मी म्हनलं, अण्णा, वाचतो आन मग करतो. ते बघतच राहिले. म्हनले, आजवर वाचलं व्हतं का? मी म्हनलं, न्हाई, म्हनूनच.

घरी आनून माधुरीनं वाचलं. त्यात आसं व्हतं की मी राजीनामा देतोय आन माझ्या जागी सहादेव. सहादेव म्हंजे आपला वॉचमन, आपल्याच समाजाचा. तूच लिवलं व्हतं ना, अण्णा दुसरा महेंद्र शोधतील म्हनून. सापडला व्हता. मी सहादेवला इचारलं, तुला म्हाईत हाय का तू मालक व्हनार. तो म्हनला, मला शर्टाचं कापड घेऊन दिलं, पुजेला घाल म्हनले.

मी सही केली न्हाई. चेकबुक बँकेतनं नवं काडलं आन माधुरीच्या पेटीत ठेवलं. अण्णा रोज यायचे, बसायचे, जायचे. शिव्या दिल्या न्हाईत त्यांनी. एक दिवस म्हनले, महेंद्र, मी तुला पोरावानी मानलं. मी म्हनलं, मग पोराच्या नावानं जे केलं ते पोराला द्या. तुमी घातलेलं मी फेडतो. त्यांच्या डोळ्यात पानी आलं. खोटं न्हवतं ते पानी. मलाबी वाईट वाटलं. पन तो कागद मी परत सहीला घेतला न्हाई.

आता नवमीचं सांगतो.

आदल्या दिशी मी मशीन धुतलं. कामगार म्हनले, यंदा पूजा व्हनार का न्हाई? मी म्हनलं, मशीन तुमी चालवता, तुमाला करायची तर तुमी करा, माळ घाला, नारळ फोडा. पन त्याच्याआदी वंदना व्हईल. विहारातनं बुद्धांची मूर्ती आनली, घरचा बाबासायबांचा फोटो आनला. ठेवायला काय न्हवतं. तर तो पाट व्हता ना, अण्णांचा, तोच दोन स्टुलांवर ठेवला, पांढरं कापड टाकलं. आईला म्हनलं, बघ नीट झालं का. ती लई वेळ कापड सारखं करीत बसली, सुरकुती नसतानाबी.

साहेब आले, संगं रजिस्टर घेऊन कानिफनाथ शिपाई. त्यांना मी खुर्ची दिली. त्रिशरन पंचशील चालू व्हतं तवा जीप आली. अण्णा आन काकू. अण्णा न्हेमीचं सोवळं नेसून, काकू पैठनी घालून. मी गेटवर गेलो. मी म्हनलं, या अण्णा. पाव्हने म्हनून या. खुर्च्या ठेवल्यात.

अण्णा आत बघत व्हते. पाटाकडं बघितलं, मूर्तीकडं बघितलं. म्हनले, "माझ्या कारखान्यात मला खुर्ची देतोस?"

साहेब मागंच उभे व्हते. म्हनले, "रंगनाथराव, हे तुम्ही माझ्यासमोर म्हणताय. लिहून घेऊ का?"

अण्णा वळले. जीपकडं चालायला लागले. काकू म्हनल्या, "मी बसते जरा. उन्हातनं आलेय." आन खरंच येऊन बसल्या, आईच्या शेजारी. माधुरीनं खीर दिली. खाल्ली. आईला म्हनल्या, "भागिरथे, येलदोडा जरा जास्त झालाय." आई म्हनली, "मालकाच्या घरची हाय, हात सढळ." मला वाटलं आता काय व्हतंय. तर काकूच हासल्या. अण्णा जीपमधी बसून हॉर्न वाजवीत व्हते, त्यांनी खीर संपवली मगच उठल्या.

मग आईनं हिरवं बटन दाबलं आन मशीन चालू झालं. इतकी वर्सं त्याच वसाहतीच्या अल्याड-पल्याड खुरपायला गेली, आत कदी आली न्हवती.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. मला म्हनले, "त्रिभुवन, विचारतो. पाटावर कोण बसलं?" मी म्हनलं, बुद्ध. ते म्हनले, "बरं. मालक कोण?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. सहादेवसुद्धा नवा शर्ट घालून बघत व्हता. मी म्हनलं, मी.

त्यांनी लिवलं. तुझं मागच्या साली लिवलेलं त्याच पानावर व्हतं, काकूचं ते पाटाचं वाक्य. त्याच्याखाली नवी ओळ आली.

अण्णा गप बसनार न्हाईत, म्हाईत हाय मला. दलालांना सांगून पुठ्ठा बंद केलाय. मी नगरहून आनतो. दोन पोरं सोडून गेली, बाकी हायेत. जमंल आसं म्हनत न्हाई, पन मागं फिरत न्हाई.

तुझ्यावरचा राग गेलेला न्हाई. सगळ्यांदेखत वहीत लिवलंस ते मी इसरनार न्हाई. पन विहिरीचं खोटं लिवलंस. आदी वर तू यायचीस. हिवाळ्यात रजा काडून ये, आई वाट बघते. तुझी पुस्तकं त्या खोक्यात घेऊन येऊ नको, मी नवी दोन खोकी देतो.

एक राहिलं. साहेबांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुडं केलं, म्हनले, सही करा. मी पेन घेतला आन थांबलो. न्हेमीच्या सवयीनं बोट शोधत व्हतो. बोट कुनाचंच न्हवतं. मग पान वरपासून खालपोतर वाचलं, जागा बघितली आन सही केली.

तुझा दादा
महेंद्र